हानावा लहर आणि चौदा नंबरचं घर

११ मे २००९
हिनोसावा

मा. डॉ. मोमोसे कियोताका यांस,

पत्राच्या सुरुवातीला पानाफुलांची, हवापाण्याची विचारपूस करायची असते. ती मी करणार नाही. तुमच्या पत्रात कोवळ्या पालवीवर चार ओळी होत्या आणि त्या वाचूनच मी सावध झाले. बारा वर्षांत ज्या माणसाने नव्या वर्षाचं साधं कार्ड टाकलं नाही, त्याला एकाएकी आमच्या डोंगरावरची पालवी कशी काय आठवली?

तर तुम्हाला केंद्रातल्या माझ्या निरीक्षणांच्या वह्या हव्यात. १९८९पासूनच्या, दर वर्षीच्या जून ते ऑक्टोबरच्या. "सवडीने चाळण्यासाठी." मोमोसे-सान, मी बासष्ट वर्षांची आहे. सवडीने कोण काय चाळतं ते मला कळतं. जून ते ऑक्टोबर म्हणजे हानावा लहरीचे महिने. हानावा सरांना जाऊन सव्वा वर्ष झालं, त्यांच्या अंत्यविधीला तुम्ही फिरकला नाहीत, आणि आता त्यांच्याच लहरीचे पाच महिने मागताय. सर जिवंत असताना त्यांच्यासमोर बोलायची छाती झाली नाही, म्हणून आता त्यांच्या माघारी खोदकाम काढलंय का?

बारा वर्षांपूर्वी तुम्ही सरांना काय म्हणालात ते मी चहा घेऊन येताना दारातच ऐकलं होतं. "सर, जाहीर बोलण्याआधी दुसऱ्या एखाद्या केंद्राकडून पडताळून घेऊ या." सर पांढरेफटक पडले होते. दुसऱ्या दिवशी तुमची खोली रिकामी.

आता मोठ्या संस्थेत मोठ्या खुर्चीत बसून तुम्ही विसरला असाल, म्हणून शाळेच्या सहलींना सांगते तेच सांगते. सूर्यावरून अहोरात्र वारा सुटलेला असतो. हवेचा नाही, फुटलेल्या अणूंच्या तुकड्यांचा. तो सरळ वाहत नाही, त्यात लाटा उठतात, भोवरे पडतात. फार लांबच्या ताऱ्यांच्या रेडिओ लहरी त्या वाऱ्यातून येताना लुकलुकतात आणि आमची अँटेना ती लुकलुक टिपते. सगळ्या जगाला त्या लुकलुकीत नुसता गोंधळ दिसत होता. आमच्या सरांना त्या गोंधळात एक ठेका सापडला, साधारण सेकंदाला एक. उन्हाळ्यात तो असतो, पानगळीबरोबर विरतो. सप्टेंबरात पृथ्वी सूर्याच्या कंबरेच्या थोडी वर असते, तिथल्या वाऱ्याला ही लहर असते, असं सरांनी मांडलं. गावाच्या सभागृहात तो लेख चौकटीत लावलाय. या दरीतून बाहेरच्या जगात पोचलेली चांगली गोष्ट एवढी एकच.

आणि एक. वह्यांच्या शेवटी तुम्ही हळूच जोडलंय, "शक्य झाल्यास घरोघरच्या वार्षिक पाहणीची नोंदवहीसुद्धा." ती कशाला हवी? कोणाच्या घरात कोणतं विजेचं यंत्र आहे याच्याशी तुमचा काय संबंध?

वह्या मिळणार नाहीत.

ओगिसो हात्सुए


२३ मे २००९

मोमोसे-सान,

योकान मिठाईचा डबा पोचला. लाच म्हणून पाठवलात की माफी म्हणून, हे चिठ्ठीवरून कळलं नाही. अर्धा मी खाल्ला, अर्धा केंद्रात ठेवला. चव चांगली होती, त्यामुळे संशय वाढला.

नव्या केंद्रप्रमुखांनाही तुम्ही परस्पर पत्र घातलंत. ते मला म्हणाले, "ओगिसो-सान, देऊन टाका की, त्यात काय एवढं!" त्यांना काय जातंय म्हणायला. ते इथे दोन वर्षांसाठी आलेत आणि अँटेनापेक्षा त्यांच्या गाडीच्या टायरांची त्यांना जास्त काळजी. पण त्यांनी सही केली आणि मी नोकर माणूस, म्हणून वीस वह्या खोक्यात भरून पाठवते आहे. पानं मोजून पाठवली आहेत आणि मोजूनच परत घेईन. माझ्या अक्षराला नावं ठेवायची नाहीत.

रोजचं काम वहीत दिसेलच: सकाळी साडेसातला अँटेना रिकाम्या आकाशाकडे लावून तपासणी, मग दिवसभर सूर्याच्या आसपासचे तारे. वीस वर्षांत तपासणी एकदाही चुकवली नाही. रिकाम्या आकाशात ठेका कधी आला नाही. म्हणजे तो इथला, जमिनीवरचा नाही, वरचाच. हे तुमच्या डोक्यात शिरावं म्हणून ठळक लिहिते आहे.

पाहणीची नोंदवही मात्र उंदरांनी खाल्ली.

इथलं बाकी काय सांगू. माकडांनी उच्छाद मांडलाय. परवा खालच्या आळीत भरदिवसा अकरा माकडं ओळीने बसून कांदे सोलून खात होती, लग्नाच्या पंगतीला बसावं तशी. आमचे यजमान शिगेयोशी होते तेव्हा निदान आरडाओरडा तरी करायचे. ते गेल्याला तीन वर्षं झाली. मळ्याचं सगळं मी एकटी बघते. कसं ते विचारू नका.

हात्सुए


७ जून २००९

मोमोसे,

फोनवर मी तुला अरे-तुरे केलं, आता कागदावर अहो-जाहो करायचं ढोंग पुरे.

तू फोन ठेवलास. आधी वाटलं, हा मला बनवतोय. मग वाटलं, बनवायचं असतं तर रडला कशाला असता? मग वाटलं, रडणंही बनवण्यातलंच असेल. माझा स्वभाव असाच आहे, शिगेयोशी म्हणायचे, ही घड्याळ बघतानासुद्धा दुसऱ्या घड्याळाला विचारते.

म्हणजे तू लहर खोडायला निघालेला नाहीस. तू तिला गाठायला निघाला आहेस! सूर्याकडे जाणाऱ्या यानावर तुझं यंत्र बसवायचं, तेही सरांनी काढलेल्या मापाला जुळवून, त्या एकाच ठेक्यासाठी कान लावून बसणारं. बारा वर्षं तू हे करत होतास. आणि अंत्यविधीला आला नाहीस, कारण निघताना सर तुला म्हणाले होते, "लहर खरी करून दाखवल्याशिवाय मला तोंड दाखवू नकोस." गाढवा, रागात बोललेलं असं मनाला लावून घ्यायचं असतं का? आजारपणात ते दर आठवड्याला विचारायचे, "मोमोसेचं काही आलं का?" मी नाही म्हणायचे. मग भिंतीकडे तोंड करून पडायचे. हे तुला आता सांगते आहे, कारण आत्तापर्यंत मला वाटायचं, तुला सांगण्याचा काही उपयोग नाही.

तुला मी विचारलं, "तिथे ती लहर नसलीच तर?" तू हसून म्हणालास, "मग यंत्राला दुसरं काहीच ऐकू येत नाही, हात्सुए-सान. वजन कमी ठेवायला बाकी सगळं काढून टाकलंय. मग मी बारा वर्षं बहिऱ्यासारखा बसून होतो असं समजा." चोवीस जुलैला यानाची समिती बसणार. एकदा त्यांनी होकार दिला की काही बदलता येणार नाही, हेही तूच सांगितलंस. आणि आसपास गडबड करणारं विजेचं यंत्र नव्हतं याचा समितीला पुरावा हवाय, म्हणून ती नोंदवही.

उंदरांनी खाल्ली, असं मी लिहिलं होतं. बघते, थोडीफार उरली असेल तर.

होओबाच्या पानात गुंडाळलेले तांदळाचे उंडे पाठवते आहे. सरांनी तुझ्या वाटणीचे दर जूनला बाजूला काढायला लावले. ते मीच खायचे.

तू पाठवलेला तक्ता नीट पाहिला नाही अजून. वर्षावर्षाचं लहरीचं जोर-माप आहे, एवढं दिसलं. १९९४च्या खाली तू शून्य लिहिलंयस. त्या वर्षी सूर्य शांत होता, असं सर म्हणायचे.

हात्सुए


१३ जून २००९

मोमोसे,

एकच विचारते, फाटे न फोडता उत्तर दे. १९९५ला सूर्य १९९४पेक्षा शांत होता की नव्हता? आणि त्याच्या पुढच्या वर्षी? तुझ्या तक्त्यात तेव्हा लहर पुन्हा आलेली आहे.

का विचारते ते विचारू नकोस. फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

हा.


२५ जून २००९

मोमोसे,

तुझं उत्तर मिळालं. "दोन्ही वर्षं १९९४पेक्षा शांत." मला वाटलंच होतं.

आता मी जे लिहिते आहे ते बसून वाच. हे पत्र मी तीनदा लिहून चुलीत घातलं. पहिल्यात मी "दरीतली एक बाई" असं लिहिलं होतं. दुसऱ्यात सगळं शिगेयोशींवर ढकललं. मेलेला माणूस काही बोलायला येत नाही. तिसऱ्यात निम्मं खरं होतं.

१९९४च्या मे महिन्यात लाकडाच्या वखारीत शिगेयोशींचा पाय मोडला. त्या वर्षी आम्ही मळा लावलाच नाही. मका नाही, भोपळे नाहीत. म्हणून त्या वर्षी आमचं विजेचं कुंपण लागलं नाही.

हो. आमच्या मळ्याला विजेचं कुंपण आहे. माकडांसाठी. पडवीत डबा आहे, त्यातून तारेत झटका जातो, साधारण सेकंदाला एक. गवत तारेला चिकटलं की ठिणगी उडते, आणि ठिणगी अँटेनाला ऐकू येते. तुला पुढचं सांगायला नको. अँटेनापासून आमचा मळा सहाशे मीटर.

रिकाम्या आकाशाच्या तपासणीत तो ठेका का आला नाही, ते आता ऐक. मी सातला घरून निघायची. शिगेयोशी नऊपर्यंत मळ्यात पाणी घालायचे, तण काढायचे. ते घरात आले की मग कुंपण सुरू. ते गेल्यावर मी घड्याळी बटण बसवलं, तेही नऊला. सवय म्हणून, दुसरं काही नाही. साडेसातला आकाश खरोखरच स्वच्छ असायचं रे. मी खोटं लिहिलं नाही.

खोटं लिहिलं ते दुसरीकडे. दर एप्रिलला छोटा रेडिओ खांद्याला लावून दरीतल्या एकतीस घरांची पाहणी कोण करायचं? मी. प्रत्येक घरापुढे काय सापडलं ते लिहून शिक्का कोणाचा? माझा. घर क्रमांक चौदा, ओगिसो, "काही नाही". १९९०पासून या वर्षापर्यंत वीस वेळा "काही नाही". नोंदवही सोबत पाठवली आहे. उंदीर बिचारे तिच्या जवळसुद्धा गेले नव्हते.

का केलं, ते विचारशील. १९८८ला वरच्या आळीतल्या माकिनो बाईंनी असंच कुंपण लावलं होतं. ते सरांच्या रेडिओत खरखरलं. तिला ते काढायला लावायला मीच गेले होते. एकटी बाई, नवरा नाही, भोपळ्यांवर तिचं वर्ष चालायचं. मी तिच्या अंगणात उभी राहून म्हणाले, "विज्ञानासाठी एवढं करायला नको का?" तिने काढलं. त्या वर्षी माकडांनी तिला एक भोपळा ठेवला नाही. पुढच्या जूनमध्ये शिगेयोशी भावाकडून जुना डबा घेऊन आले. मी म्हटलं, हे चालणार नाही. ते म्हणाले, "मग माकडांना पगार तू देतेस का?" मी डबा पडवीत लावू दिला. गवत नीट कापलं तर खरखर येणार नाही, असं मनाशी म्हटलं. खरखर आली नाहीच. ठेका आला. पण तो सरांना तक्त्यावर दिसला, आणि त्यांना असं हरखलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी मला हाक मारून दाखवलं, "हात्सुए-सान, हे बघा, सूर्याच्या वाऱ्याला नाडी आहे!" मी बघितलं आणि टाळ्या वाजवल्या.

मला ठाऊक होतं का? देवाशपथ, नव्हतं. एवढासा डबा, सूर्यापुढे त्याची काय किंमत, असंच वाटायचं. पण विचार करायची वेळ आली की मी दुसऱ्याच गोष्टीचा विचार करायची, हे मात्र खरं. तू वह्या मागितल्यास तेव्हा मी उंदरांची थाप का मारली, मोमोसे? तुझ्यावर एवढा संशय घेतला तो कशाच्या जोरावर? चोर मीच, आणि दिवा घेऊन तुझ्याच दारात उभी.

तुझं उत्तर यायच्या आधीच मी करून पाहिलं. चौदा ते तेवीस जून, दहा दिवस. विषम तारखेला कुंपण चालू, सम तारखेला बंद. नोंदी मधे बघायच्या नाहीत, शेवटीच उघडायच्या, हे सरांनीच शिकवलेलं. बंदच्या पाच दिवसांत माकडांनी मक्याचे कोंब मुळासकट उपटून नेले. चोवीसला केंद्रात एकटी बसून सगळे दिवस पडद्यावर ओळीने लावले. विषम तारखांना ठेका आहे. सम तारखांना नाही. एकाही सम दिवशी नाही. लुकलुक आहे, लाटा आहेत, नुसता गोंधळ, जगभर दिसतो तसाच.

तार मी कापून टाकली आहे. माझ्याने ते बघवत नव्हतं.

तुझं यंत्र थांबव.

हात्सुए


१३ जुलै २००९

मोमोसे,

तू आलास, दोन तास बसलास, एक शब्द वाकडा बोलला नाहीस. त्यापेक्षा ओरडला असतास तर मी रात्री झोपले असते.

तुझं काय जायचं ते गेलं, हे तू सांगितलं नाहीस तरी मला दिसलं. एका ठेक्याचं यंत्र मोडून सगळा गोंधळ ऐकणारं करायचं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून, आणि या यानात आता जागा मिळणार नाही. पुढचं यान कधी, विचारल्यावर तू केसांवरून हात फिरवत म्हणालास, "तोवर मीही तुमच्याएवढा म्हातारा होईन." थट्टा केलीस. 

तू गेल्यावर मी माकिनो बाईंकडे गेले. आता ती ऐंशीची आहे. अंगणातच गुडघ्यावर बसून सगळं सांगितलं. ती शेंगा सोलत होती, सोलतच राहिली. मग म्हणाली, "मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"वीस वर्षं सगळ्या दरीचे भोपळे माकडं खातात आणि तुझे खात नाहीत. मी काय आंधळी आहे?"

"मग सरांना का नाही सांगितलंत?"

"मला कोणी विचारलं? विचारायला तूच यायचीस."

मग तिने मला शेंगा सोलायला बसवलं. क्षमा केली की नाही ते तिने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

आता मुद्द्याचं. समितीला आणि मासिकाला पाठवायचा मजकूर तू मला वाचायला पाठवलास. सगळं बरोबर आहे. फक्त एक ओळ: "सदर ठेका स्थानिक विद्युत व्यत्ययामुळे होता, व्यत्ययाचा नेमका उगम निश्चित करता आलेला नाही."

हे काय आहे? उगम मी तुझ्या हातात दिलाय, नोंदवहीसकट. मला वाटलं, विसरलास. मग वाटलं, सरांवर सूड घेतोयस. मग कुठे डोक्यात आलं की हा माझी नोकरी, माझं निवृत्तिवेतन, गावातली माझी अब्रू वाचवतोय. बघ, इतकं झाल्यावरसुद्धा चांगुलपणा माझ्या लक्षात सगळ्यांत शेवटी येतो.

पण तो मला नको. उगम सापडला नाही असं लिहिलंस तर लोक काय म्हणतील? हानावाने वीस वर्षं आपल्या दारातली खरखर ओळखली नाही, सूर्यावर मोठमोठे लेख लिहिले, म्हातारा भ्रमिष्ट होता. सर भ्रमिष्ट नव्हते. त्यांनी घरोघरची पाहणी नेमली, रिकाम्या आकाशाची तपासणी नेमली. आणि दोन्ही ठिकाणी त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. चूक झाली ती तिथे.

आणि तू. दुसऱ्या केंद्राकडून पडताळून घेऊ म्हणालास म्हणून बारा वर्षं तुला लांब ठेवलं. तू बरोबर होतास. मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते आणि तुझा राग करत होते.

तर ती ओळ खोड आणि अशी लिही: हिनोसावा, घर क्रमांक चौदा, केंद्राच्या निरीक्षिका ओगिसो हात्सुए यांच्या मळ्याचं विजेचं कुंपण; वार्षिक पाहणीत त्यांनी ते वीस वर्षं लपवलं. नाव पूर्ण लिही. गावातल्या सभागृहात सरांच्या लेखाशेजारी मी हाच मजकूर माझ्या हाताने लावणार आहे. केंद्रप्रमुखांना सांगून झालंय. ते म्हणाले, "ओगिसो-सान, याची खरंच गरज आहे का?" मी म्हटलं, आहे.

तुला जमत नसेल तर तसं कळव. मी चोवीस तारखेला गाडी पकडून येईन आणि समितीपुढे उभी राहून हे तोंडाने सांगेन. त्या शहरात मी जन्मात कधी गेले नाही, आणि एवढ्या शिकलेल्या माणसांसमोर कधी बोलले नाही. तेवढं माझ्यावर आणू नकोस, बाळा. नाव लिही.

हात्सुए